तुम्ही विचारलंत म्हणून : सरकारने अजूनही कोळसा का खणायचा?

पुण्यात राहायला येऊन मला बरीच वर्षे झाली असली, तरी मूळ गाव चंद्रपूर असे सांगितले की समोरचा माणूस आधी तिथल्या उन्हाळ्याची चौकशी करतो, आणि वडील कोळसा खाणीत नोकरीला होते हे कळल्यावर ठरलेला प्रश्न येतो : हा धंदा सरकारने अजून स्वतःकडे कशाला ठेवला आहे, खासगी कंपन्यांना देऊन मोकळे का होत नाही? विचारणाऱ्याच्या मनात कुत्सितपणा नसतो. दूरध्वनी आणि विमानसेवेत जे झाले ते इथेही व्हावे, एवढेच त्याचे म्हणणे असते. लग्नाच्या पंगतीत याचे उत्तर देणे जमत नाही, म्हणून ते इथे सावकाश लिहितो आहे.

आमच्याकडे कंपनीचे पूर्ण नाव कोणी घेत नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड ही वर्तमानपत्रांत ‘वेकोलि’ असते आणि घराघरांत ‘डब्ल्यूसीएल’. मुख्यालय नागपुरात, खाणी नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत, शिवाय मध्य प्रदेशातील बैतूल आणि छिंदवाडा भागात. कोलकात्याच्या कोल इंडियाची ही एक उपकंपनी. माझे वडील एका भूमिगत खाणीच्या लॅम्परूममध्ये होते. पाळीवर खाली उतरणारा प्रत्येक माणूस तिथून आपल्या नंबरचा दिवा घेई आणि वर आल्यावर तो परत खुंटीला लावी. पाळी सुटल्यावर कोणाची खुंटी रिकामी राहिली आहे, हे पाहणे बाबांचे काम होते. एखादी खुंटी रिकामी दिसली तर ते घरी यायचे थांबत. माणूस बहुधा कुठेतरी बोलत रेंगाळलेला असे. पण तो दिसल्याशिवाय बाबा वहीवर सही करत नसत.

त्यांच्याहून वयस्क कामगार राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या काळाबद्दल बोलत, तेव्हा त्यांच्या बोलण्यात विचारसरणी फारशी नसे, हजेरीपटाचा विषय असे. नाव एकाचे, काम दुसऱ्याचे आणि अंगठा तिसऱ्याचाच, असा तो कारभार. सरकारने १९७२ साली कोकिंग कोळशाच्या २१४ खाणी राष्ट्रीयीकृत केल्या आणि ३१ जानेवारी १९७३ रोजी उरलेल्या ७११ खाणींचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, तेव्हा पोलाद कारखान्यांना लागणारा हा कोकिंग कोळसा जपून वापरणे हे एक मोठे कारण होते. अनेक मालक वरचा, सोपा, चांगला कोळसा ओरबाडून काढत आणि उरलेला थर पुन्हा कधी हाती लागणार नाही अशा अवस्थेत टाकून देत. रेती भरून पोकळी बुजवायला पैसा लागतो आणि त्या पैशातून एक टनही जास्तीचा कोळसा निघत नाही, म्हणून हे काम पुष्कळ ठिकाणी राहून गेले. झारखंडमधील झरियाच्या भूगर्भात गेल्या शतकाच्या सुरुवातीला लागलेल्या आगी अजून पुरत्या विझलेल्या नाहीत, त्यामागे या खाणकामाचाही हात आहे.

१ नोव्हेंबर १९७५ रोजी कोल इंडिया स्थापन झाली, त्या वर्षी तिचे उत्पादन ७.९ कोटी टन होते. २०२३-२४ मध्ये ते ७७ कोटी टनांच्या पुढे गेले. ही वाढ जवळजवळ सगळी खुल्या खाणींतली आहे. आता कंपनीचा बहुतांश कोळसा शॉव्हेल आणि डंपरने निघतो, आणि बाबांच्या लॅम्परूमसारख्या जागा दरवर्षी कमी होत आहेत. राष्ट्रीयीकरणाने सगळे सुधारले, असे मात्र मी म्हणणार नाही. कोल इंडियाला दोन महिनेही झाले नव्हते, तोच २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या खोदकामात साठलेले पाणी घुसून ३७५ माणसे दगावली. ती खाण कोल इंडियाची नसली, तरी सरकारच्याच ताब्यातील पोलाद कंपनीची होती.

आता मूळ प्रश्न. वर्धा खोऱ्यातला कोळसा काढणे महाग पडते, कारण एक टन कोळशासाठी पाच-सहा घनमीटर माती आणि खडक उपसावा लागतो. चंद्रपूर-घुग्गूसच्या रस्त्यावरून जाताना जे डोंगर दिसतात ते डोंगर नव्हेत, ती हीच उपसलेली माती आहे. आमच्याकडे तिला ‘ओबी’ म्हणतात. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत छत्तीसगडमधील कोरबाही वेकोलिकडे होते. पुढे ते बिलासपूरच्या नव्या उपकंपनीकडे गेले, आणि आज कोरब्याची गेवरा ही एकटी खाण वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक कोळसा देते, तर वेकोलिच्या सगळ्या खाणींचा मिळून आकडा सात कोटी टनांच्या आत आहे. नफ्याचाच हिशेब मांडला तर गेवरासाठी रांग लागेल आणि इथल्या जुन्या भूमिगत खाणींसाठी कोणी पुढे येणार नाही. तरीही चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र, नागपूरजवळची कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रे आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना-राजुरा पट्ट्यातील सिमेंटचे कारखाने या जवळच्या कोळशाच्या भरवशावर उभे राहिले. कोळसा दूरवरून आणायचा तर रेल्वेचे भाडे त्याच्या किमतीशी स्पर्धा करू लागते.

किमतीच्या बाबतीत २०२२ सालची आठवण पुरेशी आहे. युक्रेनच्या युद्धानंतर जागतिक बाजारात चांगल्या प्रतीचा कोळसा टनाला ४०० डॉलरच्या वर गेला होता. त्या काळात कोल इंडियाने वीज केंद्रांसाठीचा आपला जाहीर दर वाढवला नाही. २०१८ नंतरची पहिली वाढ ३१ मे २०२३ पासून लागू झाली, तीही वरच्या प्रतींवर आठ टक्क्यांची. कंपनीचे शेअर २०१० पासून बाजारात आहेत आणि ज्यांनी ते घेतले त्यांनी यावर कपाळाला हात लावला असेल. भागधारक म्हणून त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. पण तो न वाढवलेला दर आपल्या विजेच्या बिलात होता, आणि खासगी मालकाकडून ही मुभा कोणत्या करारात लिहून घ्यायची, ते मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

खासगी खाणींना माझा सरसकट विरोध नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने २०४ खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले ते वाटण्याच्या पद्धतीमुळे, आणि २०२० पासून लिलावाने मिळालेल्या पट्ट्यांतून खासगी कंपन्यांना कोळसा उघड विकता येतो. त्यांचे उत्पादन वाढते आहे, आणि चांगलेच आहे. सरकारी कंपनीच्या आत काय चालते तेही मी जाणतो : माती उपसण्याचे काम ठेकेदाराकडे, एकाच खड्ड्यात कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्या पगारात जमीन-अस्मानाचे अंतर, आणि दोन एकरांवर एक नोकरी या नियमात न बसणारा, दीड एकर गेलेला शेतकरी वर्षानुवर्षे कार्यालयाच्या पायऱ्यांवर. आमच्या नात्यात असा एक जण आहे.

तरीही खाण विकताना नेमके काय विकले जाते, हे विचारणाऱ्याने पाहावे. २००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीला बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसा साठवावा लागतो. त्याआधीच बंद पडलेल्या खाणींमागे अशी साठवण नाही. २०२२च्या पावसाळ्यात घुग्गूसच्या आमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली, आणि मग आजूबाजूची घरे रिकामी करावी लागली. अशा वेळी लोक कलेक्टर कचेरीकडे जातात, पाठोपाठ वेकोलिच्या कार्यालयाकडे. तिथे कोणीतरी बसलेले असते, त्याला शिव्या देता येतात, मोर्चा नेता येतो, माहितीच्या अधिकारात नकाशे मागता येतात. खाणीतला कोळसा संपल्यावर तीस वर्षांनीही तो दरवाजा तिथे असेल, अशी अट ज्या लिलावात घालता येईल, त्या लिलावाची जाहिरात कोणाला दिसली तर मला अवश्य पाठवावी.