तुम्ही विचारलंत म्हणून: भडंगाचा फोटो रोलवर कशाला?

प्रसंग नेहमी सारखाच असतो. मी भडंगाच्या गाड्यासमोर उभा, एका हातात भडंगाची पुडी, गळ्यात यशिका, म्हणजे माझा जुना रोलचा कॅमेरा, आणि कुणीतरी ओळखीचं येतं, आधी कॅमेऱ्याकडे बघतं, मग पुडीकडे, मग माझ्याकडे. "खिशात मोबाईल आहे ना? मग हे डबडं कशाला? आणि त्यातनं काढायचं काय, तर चिरमुरे!" मेव्हण्यानं विचारून झालंय, ऑफिसात झालंय, एका बारशात तर यजमानांनी माईकवरनं विचारलंय. आई दर महिन्याला विचारते, पण तिचा प्रश्न फोटोचा नसतो, रोल कितीला आणला याचा असतो, आणि ते मी सांगत नाही. आजपर्यंत हसून वेळ मारून नेली, आता एकदाचं लिहूनच टाकतो.

पूर्वी माझी तीन उत्तरं तयार असायची. एक म्हणजे रोलमध्ये 36च फोटो म्हणून माणूस विचार करून बटण दाबतो. हे साफ खोटं आहे, मी एका वांग्याच्या भरताचे सात काढलेत आणि सातही हललेत. दुसरं, रंग वेगळे येतात. येतात, पण निम्म्या वेळा ती लॅबची आणि शिळ्या रोलची कृपा असते. तिसरं उत्तर मात्र मी छाती काढून द्यायचो, की बाबांनो, मोबाईल बंद पडला की फोटो गेले, निगेटिव्ह, म्हणजे धुतलेल्या रोलची पट्टी, टिकते. माझ्या नातवाला दिसेल सांगलीत माणसं काय खायची ते.

हे तिसरं उत्तर ऑगस्ट 2019 पासून तोंडातनं निघत नाही.

आमचं घर गावभागात, तळमजल्याला. 2005 च्या पुरात पाणी उंबऱ्याशी येऊन माघारी गेलं होतं, त्यामुळे घरातल्या पुरुषांना सगळी अक्कल आलेली, "त्याच्यावर येत नाही हो." कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट, 2019 ला ती ओलांडली तरी आम्ही चहा पीत आकडे ऐकत बसलो होतो. आई एकटी कामाला लागली. वर्षाची चटणी माळ्यावर, लोणच्याची बरणी माळ्यावर, बेदाण्याचा डबा माळ्यावर. स्टुलावर चढून तिनं मला विचारलंसुद्धा, तुझं काय ठेवायचंय का वर? मी म्हटलं, कॅमेरा घेतलाय बरोबर. निगेटिव्ह बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होत्या आणि डबा कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. विश्रामबागला मावशीकडे पोचलो तरी डोक्यात आलं नाही. आलं तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले आणि गल्लीत बोट फिरत होती.

पाणी शेवटी 57 फुटांवर गेलं. आठवड्यानं घर उघडलं तर भिंतीवर मांडीएवढी रेघ, खाली चिखल, आणि तो वास, ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. डब्याचं झाकण घट्ट बसलेलं, मला वाटलं आत कोरडं असेल. उघडलं तर चहासारखं पाणी. चाळीसेक रोल, बटर पेपरच्या पाकिटात. पण खरं सांगतो, तेव्हा सगळं गेलं नव्हतं. एक पट्टी ओढली तर अलगद सुटून आली, उजेडात धरली तर गाड्यावरचे मामा दिसले, हात वर, लिंबू पिळताना. मला इतका आनंद झाला की मी तिथंच सगळ्यात मोठी चूक केली. पट्ट्या वाळवल्या.

गच्चीवर आईच्या कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून एकेक पाकीट टांगलं. त्या दिवशी ऊन पण काय पडलं होतं, दहा दिवसांत पडलं नव्हतं तसं. खाली सगळे चिखल उपसतायत आणि मी वर निगेटिव्ह वाळत घालतोय, बायको एकदा वर आली, बघितलं, काही न बोलता खराटा घेऊन खाली गेली. संध्याकाळी काढायला गेलो तर पाकीट, पट्टी, पट्टी, पाकीट सगळं मिळून एक जाड वडी झालेली, चार वर्षं डब्यात राहिलेल्या आंबापोळीसारखी. नखानं सोडवायला गेलो तर फिल्म कोरी काचेसारखी हातात आणि फोटो बटर पेपरला. मामांचं तोंड कागदावर गेलं, लिंबू पिळणारा हात तेवढा फिल्मवर राहिला.

पुढं पुण्यातल्या एका लॅबवाल्याला दाखवायला नेलं. तो माणूस चांगला होता, ओरडला नाही. म्हणाला, "पाण्यातच ठेवायचं होतं ओ. स्वच्छ गार पाण्यात बुडवून तस्संच आणायचं. वरचा थर जिलेटीनचा असतो, ओला आहे तोवर सुटतो, वाळला की चिकटलाच." म्हणजे पुरानं निम्मं घालवलं आणि उरलेलं मी, उन्हात टांगून. हे मी आजवर घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही, सगळे पुरालाच शिव्या देतात, मी पण त्यांच्यात आवाज मिसळतो. बायकोच्या मोबाईलमधले त्याच वर्षांतले फोटो सगळे शाबूत आहेत, बोट आडवं आलेले सुद्धा. आणि आईची चटणी आम्ही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खाल्ली.

मग परत रोल का घातला? हे तुम्ही विचारत नाही, पण खरा प्रश्न हाच आहे, आणि मी स्वतःला विचारला की दर वेळी वेगळं उत्तर येतं. हट्ट आहे, हे पहिलं. एवढं गेल्यावर सोडलं तर मेव्हणा जिंकला. दुसरं जरा बारीक आहे. माझी यशिका इलेक्ट्रो 35, हे मॉडेल 1966 चं, हिची मूळ पाऱ्याची बॅटरी आता मिळतच नाही, मी दुसरी छोटी बॅटरी बॉलपेनची स्प्रिंग लावून बसवलीय. तर हिला 0.8 मीटरच्या आतलं स्पष्ट दिसत नाही. अडीच फूट धरा. मोबाईल कसा पुडीत तोंड घालून शेंगदाणा अन् शेंगदाणा दाखवतो, तसं हिला जमत नाही. भडंगाचा फोटो काढायचा तर पुडी कुणाच्या तरी हातात द्यायची आणि आपण मागं सरकायचं. मागं सरकलं की गाडा येतो, कंदील येतो, चिरमुऱ्याचं पोतं, पोत्यावर बसलेलं पोरगं, कांदा बारीक चिरणारा हात, "माझा नको हं" म्हणत केस सारखी करणारी बाई. मला खाण्याचे फोटो काढायचे होते, ही मशीन माणसांचे काढायला लावते. आता तुम्ही म्हणाल मोबाईल घेऊन पण अडीच फूट मागं जाता येतं. येतं. मी जात नाही, एवढंच.

रंगीत रोल कुरियरनं बाहेर पाठवतो. काळा-पांढरा बाथरूममध्ये धुतो, आणि त्यावरनं घरात काय चालतं ते लिहीत नाही. डेव्हलपरला, म्हणजे रोल धुवायच्या रसायनाला, 20 डिग्री लागते, एप्रिलमध्ये सांगलीच्या टाकीतलं पाणी म्हणजे आंघोळीला तापवल्यासारखं, मग गोळेवाल्याकडनं बर्फ आणायचा, बादलीत टाकायचा आणि साडेसात मिनिटं रोलचा डबा हलवत बसायचं. बाहेरनं दार वाजत असतं. वाळल्या की निगेटिव्ह आता माळ्यावर जातात, लोणच्याच्या बरणीशेजारी. एका पाकिटाला तेल लागलंय.

मामांना 2019 नंतर मी सांगितलं होतं, तुमचा फोटो गेला, परत काढतो. काढला पण, गेल्या दिवाळीत. तो अजून कॅमेऱ्यातच आहे, रोल 31 वर येऊन अडकलाय. परवा त्यांनी कांदा-लिंबू मारता मारता विचारलं, "आला का ओ फोटो?" म्हटलं, पाच राहिलेत. "मग मारून टाका की पाच." म्हटलं तसं नसतं मामा. "बरं मग मोबाईलवर तरी काढा, पोरगी मागतीया." काढला. जवळनं, नुसतं तोंड. त्यांनी तिथंच पाठवायला लावला, आणि रात्री बघतो तर डीपीला तोच.

चांगला आलाय, खोटं कशाला बोलू.