स्पिटफायर: ट्रनियन बसले, कार्बोरेटर जुळले, गाडी रस्त्यावर

मंडळी, मागच्या नोंदीत माझी ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, पुढून स्टँडवर होती आणि स्टिअरिंग वळवलं की डावीकडून करकर यायची. तिचं मूळ सापडलं.

डावा ट्रनियन, म्हणजे पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनचा खालचा सांधा, सोडवला. आत तेलाचा टिपूस नाही, मेणासारखं घट्ट झालेलं जुनं ग्रीस. पितळी ट्रनियनमध्ये उभ्या लिंकचं पोलादी टोक आट्यांनी बसतं आणि चाक वळतं ते त्या आट्यांवरच. तिथे ईपी ९० गिअर ऑइलच हवं. ग्रीस तळापर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, आटे गंजतात आणि एक दिवस लिंक तिथेच तुटून चाक आडवं पडतं. माझ्या लिंकवर गंजाचे खड्डे नखाला लागत होते. दोन्ही बाजूंना लिंक आणि ट्रनियन नवे घातले. यात काटकसर करू नका, एवढं कळकळीने सांगते.

त्या रात्री मिरजेला फोन केला. माझ्या लहानपणी बाबांकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड होती. मी करकर म्हटल्याबरोबर बाबा म्हणाले, "ग्रीस मारलं असणार. आमचा मिस्त्रीपण तेच करायचा. अगं, तेल घाल, वरून बाहेर येईस्तोवर घाल."

त्यांना ठाऊक असणारच. स्पिटफायर म्हणजे हेराल्डचीच चासी आखूड करून वर बसवलेली दोन सीटची बॉडी, आणि दोन्हींच्या रेषा तुरिनचे डिझायनर मिकेलोत्ती यांच्या. १९६१ मध्ये लेलँडने स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनी घेतली तेव्हा स्पिटफायरचा नमुना कॅनलीच्या कारखान्यात कापडाखाली झाकून पडलेला होता. तो बाहेर काढला गेला म्हणून १९६२ मध्ये गाडी आली. मी राहते कोव्हेंट्रीत, कॅनली इथलंच. माझी १९७३ ची मार्क फोर, म्हणजे स्पिटफायरची चौथी आवृत्ती, इथेच जन्मली.

हेराल्डसारखंच हिचंही अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलतं. मग पुढच्या टायरवर बसायचं आणि १२९६ सीसीचं इंजिन मांडीशी घेऊन काम करायचं. खाली वाकणं नाही, चाचपडणं नाही. डिस्ट्रिब्यूटर, पंप, मॅनिफोल्ड, सगळं नजरेसमोर. कुठली वायर कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवता येतं. मला ही गाडी आवडते त्याचं निम्मं कारण हेच.

शनिवार कार्बोरेटरांना दिला. आधी दोन्ही एसयू कार्बोरेटरांच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे पिस्टनचा वेग आवरणाऱ्या वरच्या नळीत, तेल. मग रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडची फुसफुस सारखी होईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवले. त्यानंतर मिश्रण. पिस्टन किंचित उचलायचा: इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, बंद पडू लागलं तर कमी, क्षणभर चढून पुन्हा स्थिरावलं तर बरोबर. पुढच्याचं नट एक फ्लॅट (षटकोनी नटाची एक बाजू) वर घेतलं, मागच्याचं दोन. तिसऱ्या प्रयत्नाला आयडलिंग असं लागलं की मी नुसती ऐकत बसले.

रविवारी सकाळी कापडी छत खाली करून केनिलवर्थ, वॉरिक आणि मग फॉस वे. रोमनांनी आखलेला सरळसोट रस्ता, दोन्हीकडे झुडपी कुंपणं. सीट इतकी खाली की दारावरून हात सोडला तर डांबर अगदी जवळ. ताशी ५० मैलांनाही वेगाचा पुरेपूर आनंद मिळतो. गाडी हलकी, इंजिन साधारण ६० हॉर्सपॉवरचं. म्हणून चढ दिसला की आधीच तिसरा टाकायचा आणि वळणात वेग टिकवायचा. रस्त्याची प्रत्येक सुरकुती स्टिअरिंगमधून तळहातात येते. करकर गेल्यावर ते आणखी स्वच्छ जाणवलं. मार्क फोरला मागच्या स्प्रिंगचा आडवा पाटा मधोमध झुलता ठेवलाय, त्यामुळे वळणात मागची चाकं आत दुमडण्याची जुन्या मॉडेलांइतकी धास्ती नाही.

बर्टन डॅसेटच्या टेकडीवर थांबून बॉनेट उघडलं. ट्रनियनच्या वरच्या तोंडाशी तेलाची ओली कड दिसत होती, हवी तशी. बाबांना व्हिडिओ कॉल लावून इंजिन ऐकवलं. दोन मिनिटं ते काहीच बोलले नाहीत.

"टॅपेट वाजतायत जरा," ते म्हणाले. "थंड इंजिनवर व्हॉल्व्हची फट दहा थाऊला (०.०१० इंच) लाव. आणि लावताना मला दाखव."

पुढचा रविवार त्यासाठी ठेवलाय.