मावशीसाठी एकच नाव

सोमवार

मावशीच्या पायाला प्लास्टर घातल्याला आज आठ दिवस झाले. घोट्याचं हाड मोडलंय, अजून पाच आठवडे पाय टेकवायचा नाही. जिच्या पायाला कायम भिंगरी, ती आता दिवसभर पलंगावर. समोर खिडकी आणि टीव्ही.

संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, काहीतरी चांगलं बघायला सुचव ना. इथे शोधता शोधताच डोळे दुखायला लागतात."

मला असं कुणी विचारलं की मनापासून आनंद होतो. हातातलं काम टाकून यादी करायला बसले. इराणी चार, जपानी तीन, मराठी सहा, मालिका पाच, मग आणखी काही आठवले. एकूण बावीस नावं झाली. प्रत्येकापुढे वर्ष, दिग्दर्शक, भाषा, दोन ओळींत गोष्ट. साडेअकराला पाठवली आणि समाधानाने झोपले.

गुरुवार

आज मावशीकडे जाऊन आले. बावीसपैकी एकही बघितलेला नव्हता.

पहिल्याचा ट्रेलर बघितला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. तोवर तास गेला आणि तिने बातम्या लावल्या. "तू एवढ्या कष्टाने लिहून दिलंस आणि मला आपलं परीक्षा जवळ आल्यासारखं झालं," असं म्हणून वर तिनेच माझी माफी मागितली. मला फार वाईट वाटलं. निवडायचा कंटाळा आला म्हणून तिने मला विचारलं होतं, आणि मी बावीस नावं देऊन निवडायचं काम पुन्हा तिच्याच गळ्यात घातलं. शिवाय तिला एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. किती वेळ बसवतं, खालची अक्षरं वाचता येतात का, सोबत कोण असतं, मन कसं आहे, काहीच नाही.

घरी येताना 'श्वास' आठवला. त्याची गोष्ट मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

'श्वास' २००४ सालचा, संदीप सावंत यांचा. 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं ते थेट 'श्वास'ला. मधे पन्नास वर्षं. लहान नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झालेला, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार, आणि हे त्या पोराला सांगायचं कुणी? आजोबा झालेले अरुण नलावडे त्या प्रश्नासमोर जसे गप्प होतात, तसं गप्प होणं मी पडद्यावर फार थोड्या वेळा पाहिलंय. सिनेमा मला इतका आवडलेला की भेटेल त्याला सांगत सुटले होते. त्या भरात एका मैत्रिणीलाही सांगितलं. तिच्या मुलाचं तीनच महिन्यांपूर्वी मोठं ऑपरेशन झालं होतं. मला ते माहीत होतं. दवाखान्यात भेटूनही आले होते. तरी सांगितलं, कारण बोलताना माझ्या डोक्यात फक्त सिनेमा होता, ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "अर्ध्यात बंद केला गं," म्हणाली. थोडं थांबून, "तुला माहीत होतं ना?" आवाजात राग नव्हता. मला आजही तो प्रश्न तसाच्या तसा ऐकू येतो.

'श्वास' चांगलाच आहे, त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण तिच्यासाठी त्या महिन्यात तो नव्हता.

म्हणून आज मावशीजवळ बसून नीट विचारून घेतलं. सात वाजता तिला उशांना टेकवून बसवतात, औषधाने नऊच्या आत डोळे मिटायला लागतात, म्हणजे हातात दीड तास. सबटायटल्स भराभर गेली की वाचता येत नाहीत. आणि एक गोष्ट तिने आपणहून सांगितली, "दुःखाचं चालेल. दवाखाना नको."

यादी बाजूला ठेवली. एकच नाव दिलं.

शनिवार

'चिल्ड्रन ऑफ हेवन'. माजिद मजिदी, १९९७, लांबी ८९ मिनिटं. परभाषी चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला इराणी सिनेमा, पण मावशीला ते सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "भाऊ-बहीण आहेत. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात, आणि घरात सांगायची सोय नाही." तिला तेवढ्याने पुरलं. संवाद मोजके आहेत, बरंचसं चेहऱ्यांवरून आणि पळण्यावरून कळतं, म्हणून सबटायटल्सची धास्ती वाटणाऱ्याला परभाषेतला पहिला सिनेमा मी बहुतेक वेळा हाच सांगते. अक्षरंही मोठी करून दिली. सेटिंगमध्ये ती सोय असते, पण कुणी जाऊन बघत नाही.

सुरू केला आणि दोन मिनिटांत मला खटकलं. चित्र विचित्र गुळगुळीत दिसत होतं, काल रात्री कुणीतरी स्टुडिओत शूट केल्यासारखं. टीव्ही नवा आहे आणि त्यात हालचाल 'सुधारणारी' ती सोय चालू होती. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालतो. ही सोय चालू असली की दोन चौकटींच्या मधे टीव्ही स्वतःच्या अंदाजाने आणखी चौकटी घालतो. खेळाच्या सामन्याला ते बरं दिसतं. सिनेमाचा मात्र पोतच जातो. टॉम क्रूझने २०१८ साली एका दिग्दर्शकाला सोबत घेऊन, ही सोय बंद करा असं लोकांना सांगणारा व्हिडिओ काढला होता, इतकं हे सिनेमावाल्यांच्या जिव्हारी लागलेलं आहे. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, त्यामुळे शोधायला वेळ लागतो. चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' असं काही दिसलं की बंद करून बघायचं, किंवा सरळ 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावायचा. मी बंद केलं. मावशी म्हणाली, "हां, आता खरं वाटतंय." तिला कारण सांगावंच लागलं नाही.

आवाजाचंही केलं. भांडणं आणि संगीत दणाणून, आणि बोलणं मात्र पुटपुटल्यासारखं, ही घरोघरची तक्रार. थिएटरसाठी केलेल्या ध्वनिमिश्रणात संवाद बहुतेक मधल्या स्पीकरला असतात. घरच्या टीव्हीला बहुधा दोनच स्पीकर, त्यात सगळं एकत्र कोंबलं की बोलणं दबतं. आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारी सोय असेल तर ती लावायची. मग रिमोट हातात धरून बसावं लागत नाही.

पुढे मी सिनेमा कमी आणि मावशीलाच जास्त बघितलं. झारा भावाचे मोठे बूट घालून सकाळच्या शाळेला जाते, अली गल्लीत तिची वाट बघत उभा, ती आली की तेच बूट घालून तो आपल्या शाळेकडे सुटतो. एकदा ती पळत असताना एक बूट पायातून निसटून उघड्या पाटात पडतो आणि पाण्याबरोबर वाहायला लागतो. ती काठाने धावते, हात पुढे करते, बूट पुढेच. मावशीचा चांगला पाय चादरीखाली हलत होता. जवळजवळ दोन आठवडे अंग न हलवलेली बाई त्या मुलीबरोबर पळत होती. पुढच्या एका प्रसंगात दोघं भावंडं बूट धुता धुता साबणाचे फुगे उडवतात, तिथे ती हसली आणि तिचे डोळे भरले, दोन्ही एकदम.

संपल्यावर मी काहीच विचारलं नाही. 'आवडला का' हा प्रश्न मी हल्ली लगेच विचारत नाही. समोरच्याला हो म्हणावंच लागतं, आणि मनात जे चाललेलं असतं ते मोडतं. नावं वर सरकत होती, आणि पुढचं काहीतरी आपोआप सुरू होण्याआधी मी टीव्ही बंद केला. मावशी बराच वेळ अंधाऱ्या पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "माझा भाऊ असाच होता." मामाबद्दल ती इतकं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. साडेनऊ होऊन गेले, झोप कुठल्या कुठे.

दोन आठवड्यांनी, रविवार

रोज लिहायला जमलं नाही, पण सिनेमे चालू आहेत. एका वेळी एकच नाव, तेही आदल्या दिवशी.

दुपारसाठी 'मालगुडी डेज' दिलं. शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवर १९८६ साली दूरदर्शनसाठी केलेली मालिका. एक भाग, एक गोष्ट, बहुतेक तेवढ्यात संपते. आजारी माणसाला हे फार सोयीचं. मधेच डोळा लागला तरी काही बिघडत नाही, आणि 'पुढे काय' म्हणून रात्र जागावी लागत नाही. शेवटाला टांगून ठेवणाऱ्या मालिका मी आजारपणात कुणाला सांगत नाही. झोप खातात.

काल काकाही बसले. ते सिनेमाला बसत नाहीत, "मला नाही त्यातलं कळत," म्हणतात. लावला होता बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला', १९८६ चा. एका खुनाच्या खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष, हे बारा पंचांनी एका खोलीत बसून ठरवायचं असतं. मूळचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' मला जास्त आवडतो, हे खरं. तो १९५७ चा, सिडनी लुमेटचा, लांबी ९६ मिनिटं, जवळजवळ सगळा एका खोलीत. आणि त्याआधी तो टीव्हीसाठीच लिहिलेलं नाटक होता, त्यामुळे घरच्या लहान पडद्यावर त्याचं काहीच कमी होत नाही. लुमेटने कॅमेरा सुरुवातीला नजरेच्या वर ठेवला आणि हळूहळू खाली आणत नेला. भिंगंही बदलत गेला. शेवटाकडे छत दिसायला लागतं, भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात आणि बघणाराही घुसमटतो. हे समजून पाहिलं तर मजा वेगळीच. पण त्यातले संवाद एकावर एक आदळत असतात, मावशीला वाचता वाचता चेहरे बघता आले नसते. हिंदीत तिला बारा माणसं नीट बघता आली. उत्तम सिनेमा कोणता हा प्रश्नच नव्हता, तिच्या डोळ्यांना काय झेपेल एवढाच होता.

काका दारात उभे होते, एक हात चौकटीवर. "पाच मिनिटं बघतो." के. के. रैना एकटेच 'निर्दोष' म्हणतात, तिथे ते एक पाऊल आत आले. पंकज कपूर चिडायला लागले तसे पलंगाच्या कडेवर टेकले. शेवटी मावशीच्या उशीलाच टेकून बसले होते. प्लास्टर घातल्यापासून दोघं मिळून काहीतरी करतायत असं मला पहिल्यांदा दिसलं.

'कोर्ट' मात्र जमला नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा, २०१४ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दोन पुरस्कार मिळालेला. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा मराठी सिनेमा. एका शाहिरावर खटला भरतात, त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली म्हणून. तारखांवर तारखा पडत जातात. कॅमेरा लांब उभा राहतो, हलत नाही, आणि माणसं आपापली कामं करत राहतात. नजर पडद्याच्या कोपऱ्यांत फिरू दिली तर तिथे सगळं घडत असतं. मावशीने पाऊण तासाने बंद करायला सांगितला. "चांगला आहे, पण आज माझ्यात एवढा धीर नाही." मी लगेच बंद केला. पूर्वी असते तर "अजून दहा मिनिटं बघ" म्हटलं असतं. तिचं बरोबर होतं, आणि सिनेमाचंही काही चुकलं नव्हतं. तो तिच्यासाठी मी राखून ठेवलाय, पायावर उभी राहिली की.

त्या रात्री तिने स्वतःच 'अशी ही बनवाबनवी' मागितला. कितव्यांदा बघतेय देव जाणे. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे बोलायच्या आधी तिचे ओठ हलत होते. नवीन काहीतरी सुचवायचा मोह मी आवरला. दुखणाऱ्या माणसाला पुढे काय होणार हे माहीत असणं किती सुखाचं असतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

गुरुवार

मधे अडीच-तीन आठवडे गेले. प्लास्टर निघालं. पाय बारीक झालाय, घोटा आखडलाय, रोज व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. विशी-बाविशीची, बोलकी. आज मी पोचले तेव्हा ती मावशीचा पाय हातात धरून हळूहळू वाकवत होती आणि मावशी दुखणं विसरायला तिच्या घरच्यांची चौकशी करत होती. कोण कोण असतं घरी, काय करतात, रात्री किती वाजता पोचतेस. मुलगी म्हणाली, धाकटा भाऊ दहावीला आहे, घरी गेल्यावर सगळे आपापल्या फोनमध्ये, त्याच्याशी धड बोलणं होत नाही.

मावशी जरा वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दीड तासाचा एक सिनेमा आहे. भावाला शेजारी घेऊन बघ. बुटांचा आहे."

"नाव काय, आजी?"

मावशीला नाव आठवेना. तिने माझ्याकडे बघितलं. मी एका कागदावर लिहून दिलं, त्याखाली दुसरं काही लिहिलं नाही.