न्हाणीघराचा दिवा
आज बाबांना घेऊन फोंड्याहून पणजीला निघालो. बाणस्तारीला बस थांबली तेव्हाच त्यांनी माझा दंड घट्ट धरला, "उतरूया रे." वर्षभर रात्री ४-४ वेळा न्हाणीघराचा दिवा लागायचा, आम्ही म्हणायचो, वय झालं. लघवीची धार बारीक झालीय, सुरू व्हायला वेळ लागतो, हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. लाजतात माणसं. म्हणून आपणच विचारायला हवं होतं.

लघवी, रक्त, सोनोग्राफी पाहून डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलंय, कॅन्सरची शंका वाटत नाही. संध्याकाळनंतर चहा बंद, झोपण्याआधी २ तास पाणी कमी. सर्दीची गोळी मनाने घ्यायची नाही. काही गोळ्यांनी लघवी अडते! (आमच्या फडताळात ती कायम असते.)

येताना बाबा खिडकीशी डोकं टेकून झोपले.