चार सूत

इंजिनाच्या तेलाचं बूच सोडलं आणि खालच्या ट्रेमध्ये पडलं ते तेल नव्हतंच. ताक होतं. पांढरट, दाट, वर थोडा फेस. वर्कशॉपच्या मालकाने वाकून पाहिलं आणि काही न बोलता कॉफी आणायला गेला.

मला ते ताक ओळखीचं होतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा नदीकाठची पाणी उपसायची डिझेल इंजिनं आठवडाभर पाण्याखाली होती. पूर ओसरल्यावर मी आणि आण्णांनी गावातली कितीतरी इंजिनं खोलली. सगळ्यांच्या पोटातून हेच निघत होतं. तेलात पाणी गेलेलं इंजिन एकदा पाहिलं की पुन्हा कुणी सांगावं लागत नाही. फक्त ते सांगली जिल्ह्यातल्या उकाड्यात पाहिलं होतं, आणि आता बाहेर दोन अंश होते.

मी नॉर्थ बेला राहतो. टोरंटोपासून साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला, निपिसिंग तलावाच्या काठी. लहान इंजिनांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. हिवाळ्यात स्नोमोबाइल, उन्हाळ्यात गवत कापायची यंत्रं आणि बोटी, आणि ऑक्टोबर आला की शिकाऱ्यांच्या गाड्या.

ही गाडी होती आर्गो. आठ चाकांची, जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी. इथल्याच प्रांतात, न्यू हॅम्बर्गला, १९६७पासून बनतात. आमच्याकडच्या लोकांना कशी दिसते ते सांगायचं तर गुळाची काहील डोळ्यांसमोर आणा. पुरात ज्या काहिलीत माणसं बसवून पलीकडे नेतात, तीच. तिला जरा लांबट करा, प्लॅस्टिकची करा आणि दोन्ही बाजूंना चार-चार गुबगुबीत टायर लावा. स्प्रिंगा नाहीत, शॉकॲब्सॉर्बर नाहीत, जो काही मऊपणा आहे तो टायरमधल्या नावापुरत्या हवेचा. पुढची चाकं वळत नाहीत. डावीकडे जायचं तर डाव्या बाजूच्या चारही चाकांना ब्रेक लावायचा, उजवीकडची फिरत राहतात आणि गाडी जागच्या जागी वळते. पाण्यात उतरली की पंखा वगैरे काही नाही, टायरच्या खाचाच वल्ह्यासारखं पाणी मागे ढकलतात. वेग आरामात चालणाऱ्या माणसाइतका.

गाडी ज्यांची ते आजोबा सत्तरीच्या पुढचे. मूसच्या शिकारीचा हंगाम सोमवारी उघडणार होता आणि आज गुरुवार. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबर समजा, नर पाचशे किलोपर्यंत भरतो. तो दलदलीत पडला तर बाहेर काढायला अशीच गाडी लागते. शिवाय परवाना मनात आला की मिळत नाही, वर्षानुवर्षं थांबावं लागतं. आजोबांना यंदा मिळाला होता.

गाडीतलं मूळ इंजिन केव्हाच गेलेलं. आधीच्या कुणीतरी बागेच्या ट्रॅक्टरचं इंजिन काढून पुढच्या झाकणाखाली बसवलं होतं. एका सिलिंडरचं, कास्ट आयर्नचं, १६ हॉर्सपॉवरचं. गाडी वर्षभर झाडाखाली उभी, तळाचं बूच बंद, टबमध्ये पावसाचं पाणी साचलेलं. ते इंजिनाच्या कमरेपर्यंत आलं आणि कुठल्यातरी सुकलेल्या सीलमधून आत गेलं. आजोबांनी सेल्फ मारून पाहिला. तेही एकदा नाही.

नवीन इंजिन आमच्याकडे शेल्फवर होतं. व्ही आकाराचं, दोन सिलिंडरचं, ॲल्युमिनियमचं, जुन्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं. शाफ्ट तोच, एक इंच एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शाफ्टच्या खाचेतली चावीसुद्धा दोन सुताची, जुन्यासारखीच. हे मापून मी मनातल्या मनात म्हटलं, झालं की. शाफ्ट बसला म्हणजे लग्न जुळलं.

इंजिन बदलायचं म्हटलं की गिऱ्हाईक नेहमी इंजिनाची किंमत विचारतं. खरं तर इंजिन सोडून बाकी जे काही बदलावं लागतं त्यातच दिवस जातो. जुन्याची आणि नव्याची बोल्टची भोकं जुळत नव्हती. दहा मिलीमीटरची लोखंडी पाटी कापली, तिला लांबट भोकं पाडली म्हणजे इंजिन इकडेतिकडे सरकवता येईल. सायलेन्सर प्लॅस्टिकच्या भिंतीपासून वीतभर लांब नेला, मध्ये पत्रा मारला. नाहीतर पहिल्याच चढावर टबला भोक. इंजिन हवेने थंड होणारं आणि बसलंय झाकणाखाली, त्यामुळे गरम झालेली हवा पुन्हा पंख्यात शिरू नये म्हणून पत्र्याची आडभिंत. पेट्रोलची टाकी कार्बोरेटरपेक्षा खाली, म्हणून क्रँककेसच्या ठोक्यांवर चालणारा छोटा पंप.

वायरिंगमध्ये एक सापळा होता, तो मात्र मी वेळेवर पाहिला. जुन्या इंजिनाचं इग्निशन बॅटरीवर होतं: चावी फिरवली की कॉइलला बारा व्होल्ट जायचे. नवीन इंजिन मॅग्नेटोचं. त्याला बाहेरून वीज नकोच, बंद करायचं असेल तेव्हा फक्त कॉइलची वायर अर्थ करायची. लुना दुरुस्त केलेल्या माणसाला हे झोपेतही कळेल. पण रंग सारखा म्हणून जुनी वायर नव्याला जोडली असती, तर चावी फिरवताक्षणी मॅग्नेटोच्या कॉइलचा धूर झाला असता. मीटर लावला, वायर कापली, टोकाला टेप मारली. मालक म्हणाला, ‘बरं झालं. गेल्या वर्षी मीच दोन जाळल्या होत्या.’

शुक्रवारी दुपारी चार वाजता इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं. आवाज इतका गोड, की आजोबांनी टोपी काढली. मी गाडी गिअरमध्ये टाकून मागच्या अंगणात फिरवायला सुरुवात केली. पंधरा मिनिटं झाली नसतील, रबर जळाल्याचा वास आला.

पट्टा.

या गाडीत क्लच आणि गिअरबॉक्सच्या मधला पट्टा ॲक्टिव्हातल्यासारखाच असतो. दोन पुल्या, दोन्ही मधून फाकणाऱ्या. इंजिनाचा वेग वाढला की पुढची पुली आवळते आणि पट्टा वर चढतो, मागची फाकते आणि पट्टा आत उतरतो. पट्टा काढून पाहिला तर एक कड काळी चकचकीत, आणि तिथून दोरे निघालेले. म्हणजे तिरका चाललेला.

मला पटेना. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत हे मी स्वतः दोरी धरून पाहिलं होतं. आमच्या गिरणीत वीज गेली की अजून जुनं डिझेल इंजिन लावतात, आणि त्याचा पट्टा उतरू नये म्हणून आण्णा दोन्ही पुल्यांच्या कडांना सुतळी टेकवून बघतात. चारही ठिकाणी सुतळी टेकली की पट्टा उतरत नाही. मी दहा वर्षांचा असल्यापासून सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात. इथेही तेच केलं होतं, आणि चारही ठिकाणी टेकली होती.

पुन्हा धरली. पुन्हा टेकली. नवा पट्टा घातला, पुन्हा अंगणात दोन फेऱ्या, पुन्हा वास. मालक घरी निघाला होता. दारातून म्हणाला, ‘उद्या बघू.’ उद्या शनिवार, आणि रविवारी आजोबा जंगलाकडे निघणार.

रात्रीचे नऊ वाजले. तिकडे सकाळचे साडेसहा, आण्णा गिरणी उघडत असणार. व्हिडिओ कॉल लावला. पट्टा दाखवला, पुल्या दाखवल्या, सुतळी दाखवली.

‘दोरी टेकली म्हणतोस?’

‘टेकली आण्णा. चारही जागी.’

‘त्या पुल्या हलत्यात न्हवं?’

‘हलतात. तेच तर काम त्यांचं.’

‘मग कुठं असताना दोरी धरलीस?’

मी गप्प. मागून कुणीतरी ज्वारीचा डबा ठेवल्याचा आवाज आला. आण्णा म्हणाले, ‘आपली पुली जाग्याव असती रं. जी हलती तिला कसली दोरी लावतोस? जी बाजू हलत न्हाई ती धर.’ आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

आण्णांनी आयुष्यात अशी गाडी पाहिलेली नाही. पण मी जमिनीवर बसून पुल्या पुन्हा पाहिल्या, आणि उत्तर समोरच होतं. पुढच्या पुलीची न हलणारी बाजू इंजिनाकडे, म्हणजे आतली. मागच्या पुलीची न हलणारी बाजू बाहेरची. एकमेकींच्या उलट. हे मुद्दाम तसं केलेलं असतं, म्हणजे पट्टा वर-खाली होताना जो बाजूला सरकतो तो दोन्हीकडे एकाच दिशेने सरकतो आणि सरळ राहतो. मी मात्र दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या कडा एका रेषेत आणल्या होत्या. त्यातली पुढची कड इंजिन थांबलेलं असताना पूर्ण बाहेर असते आणि पळायला लागलं की आत येते. म्हणजे मी एका स्थिर कडेला एक फिरती कड जुळवून ठेवली होती.

न हलणाऱ्या बाजू धरून माप घेतलं, त्यात पट्ट्याच्या रुंदीचा हिशेब केला. इंजिन चार सूत बाहेर हवं होतं. अर्धा इंच! एवढ्यासाठी दोन पट्टे. आणि पाटीला पाडलेली लांबट भोकं दोनच सूत सरकू देत होती, कारण ती पाडताना मला फार अक्कल होती.

इंजिन पुन्हा उचललं. पाटी काढून ग्राइंडर आणि कानशीने भोकं वाढवली. रात्री साडेबाराला सगळं आवळलं, तिसरा पट्टा घातला आणि अंगणात अर्धा तास गोल गोल फिरलो. शेजारच्या घरात दोनदा दिवा लागला. वास नाही. पुलीचं झाकण काढून पट्ट्याच्या दोन्ही कडांना बोट लावलं. सारखीच कोमट.

शनिवारी सकाळी गावाबाहेर बीव्हरने बांध घालून तयार केलेल्या एका तळ्यावर गेलो. पाण्याच्या कडेला बर्फाची पातळ साय. आजोबांनी आधी तळाचं बूच तपासलं. मग लाइफजॅकेट घातलं. मग पुन्हा बूच तपासलं. यंदा त्यांचा बुचावर फार जीव होता.

गाडी उतारावरून पाण्यात शिरली, चाकं तळापासून सुटली आणि तरंगायला लागली. पट्टा शांत, इंजिन शांत. दहा-बारा मीटर आत गेलो असू, आजोबा म्हणाले, ‘हिचं नाक वर का आहे?’

खरंच होतं. पुढची बाजू उचललेली, मागची बसलेली. मागच्या कडेपासून पाणी चार बोटं खाली. तेव्हा लक्षात आलं. पुढून अर्ध्या वजनाचं लोखंड आम्हीच काढलं होतं, आणि नव्याचं वजन हलकं म्हणून मी खूश होऊन बसलो होतो. त्यात मी मागच्या बाकावर, माझ्या पायांशी हत्यारांची पेटी आणि साखळदंड. काहिलीत बसल्यावर आमच्याकडे पहिलं वाक्य असतं, ‘हलू नकोस’. इथे हलावं लागणार होतं.

मी रांगत पुढे सरकलो, मागोमाग पेटी ओढली. नाक हळूच खाली आलं. आजोबा हसले. काठावर परत आल्यावर बॅटरी पुढच्या टोकाला न्यायचं ठरलं, आणि साखळदंडही तिथेच. एक तास त्यात गेला. दुसऱ्यांदा पाण्यात घातली तेव्हा गाडी सपाट बसली, आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर चढताना मागून पाणी आत आलं नाही.

बिल मालकाने केलं. मी तेरा तास लिहिले होते, त्याने नऊ केले. पट्ट्याचे चार तास माझ्या शिक्षणाचे, म्हणाला, ते गिऱ्हाईकाने का भरायचे. दोन जळके पट्टेही बिलात नव्हते. मी ते कचऱ्यात टाकायला निघालो तर आजोबांनी हात पुढे केला.

‘दे इकडे. जंगलात दुकान नसतं.’

त्यांनी त्यातला कमी जळालेला निवडला आणि सीटखाली ठेवला. दुसरा मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. संध्याकाळी आण्णांना त्याचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: ‘पैसं कुणी भरलं?’