त्या वाक्यापुढची वाक्ये

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला, की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्र हमखास फिरते. निळ्या कोटातले बाबासाहेब आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ : 'ही राज्यघटना जाळणारा पहिला माणूस मी असेन.' संदर्भ म्हणून कोपऱ्यात नुसते '१९५३' एवढेच. या वर्षी माझ्या मेहुण्यांनी ते मला वेगळे पाठवून 'हे खरे आहे का?' असे विचारले. खरे आहे, एवढे कळवून मोकळे होता आले असते. परंतु मूळ भाषण मी स्वतः सलग कधी वाचलेले नव्हते, आणि न वाचता होकार देणे बरे वाटेना. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांपैकी पंधरावा खंड काढून बसलो. या खंडाच्या नावातच 'स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री' याच्या जोडीला 'विरोधी पक्षाचे सदस्य' असे शब्द आहेत. पहिल्या भूमिकेविषयी आपण पुष्कळ बोलतो. दुसरीची आठवण फारशी कोणी काढत नाही, आणि काढलीच तर ती या एका ओळीपुरती.

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदूंच्या विवाह-वारसा कायद्यांत सुधारणा करू पाहणाऱ्या हिंदू कोड बिलाची वाताहत पाहून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्याच सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला. त्यानंतर मुंबई राज्याच्या विधानसभेने त्यांना संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे आजच्या राज्यसभेत, पाठवले. एप्रिल १९५२ पासून ६ डिसेंबर १९५६ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते तेथे सदस्य होते. या काळातच १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत जाण्याचा त्यांनी एक प्रयत्न केला आणि तेथेही हार पत्करली. त्यांच्या पक्षाचे, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे, बळ नाममात्र होते आणि समोर काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते. त्यामुळे त्यांच्या भाषणाने एखादे विधेयक अडेल, अशी शक्यता नव्हती. हाती होते ते केवळ युक्तिवाद करणे, आणि तो कामकाजात नोंदला जाईल याची खातरी.

ते गाजलेले वाक्य २ सप्टेंबर १९५३ चे. चर्चा तेलुगू भाषकांचे वेगळे आंध्र राज्य करण्याच्या विधेयकावर होती. आदल्या डिसेंबरात याच मागणीसाठी पोट्टी श्रीरामुलू यांचा उपोषणात अंत झाला होता, त्यानंतर सरकारने घाईघाईने आंध्रची घोषणा केली होती, आणि आता गृहमंत्री कैलासनाथ काटजू विधेयक घेऊन उभे होते. डॉ. आंबेडकरांनी आधी सरकारच्या धरसोडीवरच हात घातला. भाषावार राज्यांचे जे तत्त्व आधीच मान्य केलेले आहे, त्याच्या अंमलबजावणीसाठी दुसऱ्या एखाद्या देशात माणसाला प्राण द्यावे लागले असते, तर तेथील लोकांनी सरकारला चेचून मारले असते, अशा आशयाचे ते बोलले. सभ्य सभागृहातले हे वाक्य आजही वाचताना दचकायला होते.

मग ते मूळ मुद्द्याकडे वळले, आणि हा मुद्दाच त्या चित्रातून गायब आहे. भाषिक राज्यात एखाद्या बहुसंख्य जातीच्या हाती सारी सत्ता एकवटली, तर तेथील अल्पसंख्याकांनी, विशेषतः अस्पृश्यांनी, दाद कोणाकडे मागायची? त्यांचे म्हणणे असे, की अल्पसंख्याकांच्या रक्षणाची खास जबाबदारी राज्यपालांवर सोपवावी. इंग्रजी अमदानीतल्या गव्हर्नरांविषयीच्या रागापोटी आपण राज्यपालांना अधिकारच ठेवले नाहीत, हे त्यांचे निरीक्षण होते. यावर समोरच्या बाकांवरून अपेक्षित तोच टोला आला : घटना तर तुम्हीच लिहिलीत! बाबासाहेबांचे उत्तर होते, की लोक मला उठता-बसता घटनेचा शिल्पकार म्हणतात, पण मी 'हॅक' होतो. जे करायला सांगितले गेले, ते मी बऱ्याच अंशी माझ्या मनाविरुद्ध केले. 'हॅक' या शब्दाशी मी बराच वेळ अडून बसलो. त्याचा एक अर्थ भाड्याने दिला जाणारा घोडा आणि दुसरा पैशासाठी लेखणी झिजवणारा. मराठीत 'भाड्याचे तट्टू' म्हटले, की दोन्ही अर्थ एका दमात साधतात, आणि बाबासाहेबांच्या बोलण्यातला कडवटपणाही थोडा हाती लागतो. आपण त्या वेळी या तरतुदींचे समर्थन केले होते, असे कोणी डिवचल्यावर त्यांनी, आम्ही वकील मंडळी पुष्कळ गोष्टींचे समर्थन करतो, एवढ्यावर भागवले. वकिलीचे दिवस जवळून पाहिलेल्या कोणालाही या वाक्यावर हसू आल्यावाचून राहणार नाही.

याच टोचाटोचीत, माझे मित्र म्हणतात घटना मी केली, पण ती जाळणारा पहिला माणूस मी असेन, मला ती नको, ती कोणाच्याच उपयोगाची नाही, असे ते बोलून गेले. चित्र तयार करणाऱ्याने कात्री येथे लावली आहे. पण ते तेथे थांबले नव्हते. पुढच्याच वाक्यांत त्यांनी बजावले, की लोकांना ही घटना चालवायचीच असेल, तर देशात बहुसंख्याक आहेत तसे अल्पसंख्याकही आहेत, याचा विसर पडता कामा नये. तुम्हाला मान्यता दिली तर लोकशाहीला धक्का पोहोचेल, असे म्हणून त्यांना डावलता येणार नाही, आणि सर्वांत मोठी हानी होईल ती अल्पसंख्याकांना दुखावल्याने. जाळण्याचे वाक्य संतापाचे आहे यात शंका नाही, परंतु तो संताप घटनेतल्या हक्कांवरचा नसून हक्कांच्या रक्षणाची तजवीज अपुरी राहिल्याचा आहे. मेहुण्यांना मी ही चार वाक्ये टंकित करून पाठवली. त्यांचे उत्तर आले, 'एवढे लांब चित्रावर मावणार कसे?' त्यांचेही बरोबर आहे.

दीड वर्षाने, १९ मार्च १९५५ रोजी, चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत पंजाबचे डॉ. अनुपसिंग यांनी त्यांना तेच वाक्य पुन्हा ऐकवले. या वेळी बाबासाहेब घाईत नव्हते. उत्तर हवे असेल तर आत्ता येथेच देतो, असे म्हणून त्यांनी सांगितले, की आम्ही देवासाठी मंदिर बांधले, पण देवाची प्रतिष्ठापना होण्याआधीच सैतानाने त्याचा ताबा घेतला, तर मंदिर पाडण्यावाचून दुसरे काय उरते? मंदिर देवांसाठी होते, असुरांसाठी नव्हते. एका सदस्याने मध्येच टोकले, की मग मंदिर कशाला पाडता, सैतानालाच हाकला. त्यावर त्यांनी आमच्यात तेवढे बळ नाही असे सांगून थेट शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाचा दाखला दिला : देव असुरांकडून नेहमी हरत, कारण अमृत असुरांपाशी होते, आणि टिकून राहण्यासाठी देवांना ते त्यांच्याकडून मिळवावे लागले. दोन निवडणुका हरलेल्या माणसाने बहुमताच्या बाकांकडे पाहत हे म्हणावे, यात पुराणकथेपेक्षा राजकारण अधिक आहे.

त्यानंतर ते अनुच्छेद ३१ वर आले, म्हणजे सरकारने मालमत्ता घेतल्यास भरपाई किती द्यावी या प्रश्नावर. हा अनुच्छेद मसुदा समितीचा नव्हेच, त्याची कसलीही जबाबदारी मी घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. नेहरू, पटेल आणि पंत यांची भरपाईविषयीची मते तीन दिशांना होती आणि त्यांच्या तडजोडीतून हे कडबोळे तयार झाले, ही त्यांची हकिगत ज्यांनी ती तडजोड केली त्यांच्याच पक्षाच्या सदस्यांना ऐकून घ्यावी लागली. पुढे या अनुच्छेदाचे न्यायालयांत आणि संसदेत काय धिंडवडे निघाले, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो अखेर मूलभूत हक्कांतून काढून टाकला.

परराष्ट्र धोरणावरचे २६ ऑगस्ट १९५४ चे भाषण त्या मानाने सर्वश्रुत आहे. कौन्सिल ऑफ स्टेट्सचे 'राज्यसभा' हे नामकरण होऊन तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. चीनच्या माओंचा पंचशीलावर, म्हणजे शांततामय सहजीवनाच्या पाच तत्त्वांवर, विश्वास असता, तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना निराळी वागणूक दिली असती, आणि तिबेटची राजधानी ल्हासा हिच्यावरचा चीनचा हक्क मान्य करून आपणच चीनची सरहद्द आपल्या सरहद्दीला आणून भिडवली, असे त्यांनी सांगितले. १९६२ च्या चीन युद्धानंतर या भाषणाला द्रष्टेपणाचे प्रशस्तिपत्र मिळाले. मला मात्र त्यात तर्कशुद्ध शंका जास्त दिसते, भविष्यवाणी कमी.

मला अधिक भावले ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरातले. अनुसूचित जाती-जमाती आयुक्तांच्या अहवालावर बोलताना त्यांनी मिठावरचा कर पुन्हा बसवावा, त्याचा गांधींच्या नावे निधी करावा आणि त्यातून अस्पृश्यांना जमिनीवर वसवावे, अशी सूचना केली. गांधींच्या स्मृतीसाठी मिठावर कर! सूचना गंभीर होती आणि पैशाचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता, पण तिला चिकटलेली खोच त्यांना कळली नसेल, असे मानणे कठीण आहे.

त्याच महिन्यात अस्पृश्यता (अपराध) विधेयक सभागृहापुढे आले. बाबासाहेबांचा पहिला आक्षेप त्याच्या नावालाच होता. हा नुसता गुन्ह्यांचा कायदा नाही, माणसांच्या नागरी हक्कांचे रक्षण हा त्याचा हेतू आहे, तेव्हा नावातही 'नागरी हक्क' आणि 'संरक्षण' हे शब्द असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने ते ऐकले नाही आणि १९५५ मध्ये कायदा जुन्याच नावाने झाला. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलले, तेव्हा सूचना करणारा सदस्य जाऊन वीस वर्षे होत आली होती. आज तो कायदा 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५' या नावाने ओळखला जातो.