इथे पॉलिटेक्निक!
आज संध्याकाळी मेथी निवडता निवडता ग्रीसच्या अलीकडच्या इतिहासावरचा एक रेडिओ कार्यक्रम ऐकला आणि हात थांबलेच. नोव्हेंबर १९७३, अथेन्स. देशात लष्करी हुकूमशाही, आणि पॉलिटेक्निकच्या, म्हणजे तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या आत तिच्याविरुद्ध ठाण मांडलेल्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेतल्या सामानातून उभं केलेलं रेडिओ केंद्र. 'इथे पॉलिटेक्निक!' म्हणणारा मारिया दामानाकी या विद्यार्थिनीचा तरुण, ताणलेला आवाज.

१७ तारखेच्या पहाटे रणगाडा फाटकाशी आला. आतून सैनिकांना 'भावांनो' अशी साद घातली जात होती. शेवटी तर एक मुलगा राष्ट्रगीतच म्हणू लागला. मग फाटक पडलं.

ती राजवट जुलै १९७४ मध्ये कोसळली, सायप्रसच्या प्रकरणानंतर, म्हणजे तिने त्या बेटावर घडवलेलं बंड आणि त्यावर तुर्कस्तानने केलेली स्वारी यांनंतर. मला ग्रीकचं एक अक्षर कळत नाही. तरी त्या मुलाचा भरून आलेला आवाज अजून कानात आहे. मेथी तशीच पडलीय.